माझा फ्लोट कुणी बांधला?

मित्रांनो, मी तळघराच्या खड्ड्यात बसणारा एक जुना पंप आहे. मुकुंदवाडीत बद्रीनाथचं गाद्यांचं दुकान आहे. खाली तळघरात कापूस असे. जमिनीतून पाझरणारं पाणी बाहेर फेकणं हे माझं काम.

मला कुणी चालू करावं लागत नसे. माझ्या वायरीला एक पोकळ फ्लोट आहे. पाणी चढलं की तो तरंगत वर कलतो, आतली गोळी घरंगळते आणि मी सुरू होतो. पाणी उतरलं की तो खाली लोंबतो आणि मी थांबतो.

बद्रीनाथची बायको द्वारकाबाई माझी जाळी साफ करायची. नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "याला हाका माराव्या लागत नाय बाई!"

"मग त्यालाच जेवाय वाढ," बद्रीनाथ वरून ओरडायचा.

मग द्वारकाबाई वारली. तिनं शिवलेली शेवटची गादी बद्रीनाथनं विकली नाही. तळघरात जपून ठेवली.

त्या उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. खड्ड्यातलं पाणी धुण्याला राहावं म्हणून बद्रीनाथनं माझा फ्लोट खाली ओढून माझ्याच मुठीला दोऱ्यानं बांधला. पुढं सोडायचं तो विसरला.

श्रावणात पाणी चढलं. फ्लोट दोऱ्याला हिसके देत राहिला. वायरीत वीज होती, अंगात जोर होता, पण मला सुरू होता येईना. पाणी कापसात शिरलं. मग त्या गादीत.

"ऐन वेळंला दगा दिला यानं!" भिजलेली गादी पोटाशी धरून बद्रीनाथ रडला.

चिखलानं माखलेला मला त्यानं पंप दुरुस्त करणाऱ्या केरबा मिस्त्रीच्या दुकानात नेऊन टाकलं. "बघ, जमलं तर वापर."

बद्रीनाथ तिथंच बाकावर टेकला. केरबानं मला धुतलं, जाळीला चिकटलेला कापूस काढला, झिजलेलं रबरी सील बदललं. मग त्याला दोरा दिसला.

"काका, फ्लोट कुणी बांधला? हा तर गादीचा दोरा हाय."

बद्रीनाथनं आपणच मारलेली गाठ बोटांनी चाचपली. केरबानं दोरा कापून मला पाण्याच्या पिंपात सोडलं. फ्लोट वर आला आणि मी घुमलो.

"लई चांगला चालतोय. घेऊन जा घरी."

"नको," बद्रीनाथ म्हणाला. "माझ्यासमोर नको तो." आणि मागं न बघता गेला.

केरबानं मला विकलं. आता मी फुलंब्रीत एका अनोळखी घराच्या खड्ड्यात आहे. काम करतो. पण खरं कळल्यावरही त्यानं मला नेलं नाही, हे मला पाण्यापेक्षा जड जातं.

मित्रांनो, गरजेला आम्हाला बांधा, पण सोडायचं ध्यानात ठेवा. आणि विसरलात, तर निदान आम्हाला दगाबाज म्हणू नका.