येते

आमची कंपनी घरोघरी नर्स पाठवते. त्यांच्या भेटींचं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात. प्रत्येक बदल हाताने तपासायचा, हाताने सर्व्हरवर चढवायचा आणि देव पाण्यात ठेवून बसायचं. कंटाळून एआय सहायकाला सांगितलं, चाचण्या तूच लिही, सगळ्या पास झाल्या की नवी आवृत्ती आपोआप चढव. त्याने तासाभरात एकशेबारा चाचण्या लिहिल्या. मी बारा वाचल्या. बाकीच्या हिरव्या, म्हणजे पास, दिसत होत्या, आणि हिरव्याला नावं ठेवणारा मी कोण?

सोमवारी पहिला बदल गेला. नर्सने नुसता निरोप टाइप करायचा. 'वाटेवर' की 'भेट झाली', हे सॉफ्टवेअरमधला सहायकच ओळखणार.

दुपारी आईचा फोन आला. आई एकटी राहते, मधुमेह आहे, आणि आमचीच पेशंट आहे.

"अरे, तुमची दुसरी बाई आलीये. इन्सुलिन टोचायचं म्हणते. पहिली म्हणे अजून वाटेवर आहे."

"आणि पहिली?"

"ती मघाशीच टोचून गेली की! हिला म्हटलं, बस, चहा घे, पण सुईला हात लावू नकोस."

दोन डोसांनी साखर किती खाली जाते, ते पेशंटांच्या माहितीपत्रकात मीच टाइप केलंय. आधी आपोआप चढवणं बंद केलं, जुनी आवृत्ती परत आणली, मग नोंद उघडली. निघताना पहिल्या नर्सने लिहिलं होतं, "येते." सहायकाने तिला वाटेवर धरलं, अर्धा तास वाट पाहिली आणि बदली नर्स पाठवली. त्याचीही चाचणी होती, हिरवीगार. क्रमांक तेरा.

मी त्याला समजावलं, निघताना आपण 'येते' म्हणतो, 'जाते' म्हटलेलं बरं दिसत नाही. त्याने माफी मागितली, चाचणी बदलली आणि विचारलं, "निघताना 'येतो' म्हणणारी व्यक्ती साधारण किती दिवसांनी परत येते? चाचणीसाठी आकडा हवा."

मी आकडा टाकायला गेलो. आईच्या जिन्यात उभं राहून मी 'येतो' म्हणालो, त्याला चार महिने झाले होते. लाज वाटली. रकाना रिकामा राहिला, चाचणी लाल झाली. तिला तशीच सोडून मी उठलो.

आईने दार उघडलं. टेबलावर दुसऱ्या नर्सचा कप तसाच होता.

"आज कसा काय?"

"येतो म्हटलं होतं ना."

"हो," आई म्हणाली. "तुला मी वाटेवरच धरलं होतं."