लाल डगल्यातला मॅटी

शेवटचा, सहावा भाग सुरू झाला तरी मॅटी मनेली पडद्यावर आलेला नव्हता, आणि डिलियाचा जीव टांगणीला लागला होता.

गेल्या वर्षी टीव्हीवाले इंग्रज राजाविरुद्धच्या सतराशे अठ्ठ्याण्णवच्या आयरिश बंडावर मालिका करायला मेयो परगण्यात आले आणि अर्ध्या गावाला फाटके कपडे घालून चिखलात पळवून गेले. डिलियाचा नवरा मॅटीही त्यात होता. "बंडखोर आहे मी, हातात हा एवढा भाला," असं त्याने घरी सांगितलं होतं. मालिका लागायच्या आधीच, फेब्रुवारीत, तो गोठ्यात कोसळला आणि गेला. घरात त्याचे फोटो तीन, तिन्हीत खांबासारखा उभा. डिलियाला त्याला एकदा चालताना बघायचं होतं. बस्स, एवढंच. त्यासाठी तिने टीव्ही भाड्याने आणला होता.

रविवारचा चहा नुकताच झाला होता. डिलियाच्या बाजूला मॅटीची थोरली बहीण नोनी, आणि दाराजवळच्या खुर्चीत शेजारचा पॅकी रुआन. तोही बंडात होता.

"ह्या भागात सगळे मरतात," पॅकी खुशीत म्हणाला. "हा बघ मी! मेलो!"

"मागच्या रविवारीही मेलास की," नोनी म्हणाली.

"तेव्हा दाढी होती मला."

डिलियाला हसू आलं नाही. मदतीला आलेले फ्रेंच शरण गेले होते आणि बंडखोरांची पळापळ चालली होती. चिखलाने माखलेले चेहरे, सगळे सारखेच. ती एकेका भालेवाल्याकडे बघत होती. हा? नाही. तो? तोही नाही. तेवढ्यात डावीकडून राजाच्या सैनिकांची रांग आली, आणि त्यातल्या तिसऱ्याचा पाय चालताना जरासा बाहेर पडत होता.

"मॅटी!"

"काहीतरीच काय!" नोनी फणकारली. "लाल डगला आहे त्याच्या अंगात. आमच्या खापरपणजोबांना ह्या लाल डगलेवाल्यांनीच फासावर चढवलं. मनेलींच्या घरातला माणूस मेला तरी तो डगला घालायचा नाही."

पॅकीने खुर्ची दाराकडे जराशी सरकवली.

"सैनिक कमी पडले गं," तो शेवटी म्हणाला. "लष्करातून आणलेली पोरं दोन दिवसांत परत गेली. मग आमच्यातलीच उंच माणसं निवडून डगले चढवले. मॅटी म्हणाला, नोनीला सांगशील तर खबरदार."

"मग हा तोच ना?" डिलियाने विचारलं.

"ते कसं सांगू? सकाळी बंडखोर, दुपारी सैनिक. जेवणानंतर कोण कुणाला मारतोय ते आमचं आम्हालाच कळत नव्हतं. मला तर वाटतं, माझा जीव मीच घेतला."

"तो बघ, भालेवाला!" नोनी ओरडली. "तो आपला मॅटी!"

डिलियाने तिकडे बघितलं. तो माणूस तोंडावर पडला. इकडे बघितलं, तर सैनिकाच्या टोपीखाली नुसती सावली. सव्वीस वर्षं संसार केला आणि आपल्याला आपला नवरा ओळखता येत नाही, याची तिला लाज वाटली, आणि भीतीही. मालिका संपत आली होती.

मग प्रेतांची गाडी आली. सैनिक तिच्या बाजूने चालू लागले. तिसऱ्याचा हात घाईघाईने वर गेला, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, आणि मग त्याच हाताने त्याने कान खाजवला. दफनभूमीवरून सायकलने जातानासुद्धा मॅटीचं अगदी हेच.

"राजाचा प्रोटेस्टंट सैनिक आणि कॅथलिकांची क्रुसाची खूण!" नोनी म्हणाली. "एवढंही कळत नाही का ह्या टीव्हीवाल्यांना?" पण तिचा आवाज उतरला होता.

"त्या गाडीत मी होतो," पॅकी हळूच म्हणाला. "खालून म्हटलं त्याला, मॅटी, चुकलास."

पडद्यावर नावं सरकू लागली. नोनीने डिलियाचा हात धरला. "गावात कुणी विचारलं तर भालेवाला म्हणून सांग."

"नाही सांगणार," डिलिया म्हणाली. "लाल डगल्यात का होईना, चालला ना गं तो."



"कान पण खाजवला मेल्याने," नोनी म्हणाली आणि रडायला लागली.