एक चरण कमी

वियन आणि मी बावीस वर्षं एकमेकींशी बोललो नाही. पत्रव्यवहार मात्र चोख होता. आमच्या फेचबुरी गावात नदीच्या अलीकडे माझं घर, पलीकडे तिचं. पूल ओलांडला की दहा मिनिटं. तरी कार्डं पोस्टानेच जायची. दोघी शाळेत थाई भाषा शिकवायचो, दोघी निवृत्त झालो, आणि दोघींच्या अंगातली मास्तरकी काही निवृत्त झाली नाही.

भांडणाचं कारण क्षुल्लक होतं. जिल्ह्याच्या काव्यस्पर्धेत मी परीक्षक होते आणि वियन स्पर्धक. तिने एकाच कडव्यात एकच शब्द दोनदा यमकाला वापरला. मी गुण कापले, तिचा पहिला नंबर गेला.

"मैत्रिणीसाठी एवढी डोळेझाक करता आली नाही तुला, प्रांग?" ती सगळ्यांसमोर म्हणाली.

"डोळेझाकच हवी असेल तर परीक्षक कशाला? एखादा आंधळा बसवा," मी म्हटलं.

झालं. आठवड्याने तिचं पहिलं कार्ड आलं. चार चरणांचं एक कडवं, त्यात मला घातलेल्या अत्यंत शालीन शिव्या.

आमच्याकडे कडव्याला कडवं जोडायची रीत आहे. एकाच्या चौथ्या चरणाचा शेवटचा आवाज दुसऱ्याने आपल्या कडव्यातल्या दुसऱ्या चरणाच्या शेवटी उचलायचा. नाही उचलला तर हरलात. त्यामुळे भांडण सोडता येईना. तिच्या यमकाला मी बांधलेली, माझ्या यमकाला ती. महिन्याला एकदोन कार्डं, अशी बावीस वर्षं. पोस्टमनची वाट बघत नव्हते असं म्हटलं तर ते खोटं होईल.

यंदा मार्चमध्ये आलेलं कार्ड बघून मात्र माझं डोकंच फिरलं. तीनच चरण. शिवाय माझ्या मागच्या कडव्याचं यमक उचललेलंच नाही. मोजणी चुकली की मी अर्थाकडे फिरकत नाही, ही माझी जुनी खोड. लाल पेन काढलं आणि खाली लिहिलं, 'एक चरण कमी. मागचं यमक सोडलं. म्हातारपण आलं वाटतं.' तेच कार्ड पाकिटात घालून परत धाडलं.

बाराव्या दिवशी तिची भाची रेम दारात उभी. अंगावर काळे कपडे.

"बाई, आत्या गेली."

"कशाने?"

"यकृताचा कॅन्सर. पाच महिने झाले होते. तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली होती तिने."

"का म्हणून?"

"म्हणाली, प्रांगला दया आली की ती यमकात सूट देईल. मग मजा काय राहिली?"

रेमला दहनाच्या दिवशी वाचायला माझं एक कडवं हवं होतं. मी हो म्हटलं. गावात कुणी गेलं की लोक माझ्याकडेच येतात. चाळीसेक जणांसाठी लिहिलं असेल. तासाभरात होतं. या खेपेला तीन दिवस गेले आणि कागद कोरा. रडत होते अशातला भाग नाही. सुचत नव्हतं, एवढंच.

रविवारी मोखम आली. ती सीमेपलीकडच्या शान डोंगरातली. इथे ताडगुळाच्या भट्टीवर काम करते. थाई फाडफाड बोलते, लिहायला माझ्याकडे शिकते.

"बाई, आज आईवर कविता करायची. सहा वर्षं झाली घर सोडून. फोनवर नुसतं 'जेवलीस का' एवढंच विचारते ती."

"रचना सांग आधी."

तिने बोटं पुढे केली. "चार चरण, आठ-आठ अक्षरं. पहिल्याचं टोक दुसऱ्याच्या पोटात. दुसऱ्याचं टोक तिसऱ्याच्या टोकाशी. तिसऱ्याचं चौथ्याच्या पोटात. वेणी घालतात तसं."

"बरोबर. पण तुला निरात लिहायला हवी. लांब निघालेल्या माणसाने मागे राहिलेल्या जिवलगासाठी लिहायची कविता. तिला पहिला चरण नसतो."

"अगंबाई! चोरीला गेला?"

"रीत आहे तशी. माझे गुरुजी म्हणायचे, निघणारा घाईत असतो, पहिला चरण घरीच विसरतो. पहिल्या कडव्यात तीनच चरण."

"आणि मागचं यमक?"

"मागचं कुठून येणार? कविता नवी सुरू होते ना, मग..."

मी डोळे मिटून बोटांवर मोजू लागले.

"बाई? चक्कर येतेय का? पाणी आणू?"

"गप्प बस जरा."

वियनचे ते तीन चरण मला पाठ होते. चुकीचं म्हणून परत केलेलंही मला पाठ राहतं. तुझ्या घाटावरून माझी नाव पुढे जाते आहे. दोरीवर तुझं धुणं वाळतं आहे. हाक ओठांवर आली, तिथेच थांबली.

चाळीस वर्षं मी वर्गावर्गांत हाच नियम घोकून घेतला होता. तिने निरात धाडली होती आणि मी ती लाल शाईने तपासली होती. मोखमला तशीच बसवून मी पूल ओलांडला.

वियनला दहनापर्यंत विहारात ठेवलं होतं. रेम तिथे पाहुण्यांची भांडी विसळत होती. मी विचारलं, "माझं पाकीट मिळालं होतं तिला?"

"मिळालं ना. लाल शाई बघून हसली. म्हणाली, आज चिडेल, उद्या कळेल, परवा कार्ड टाकेल. मग रोज दुपारी विचारायची, पोस्टमन येऊन गेला का. शेवटचे आठ दिवस हेच."

"कार्ड कुठे आहे?"

"तिच्या हातात दिलंय, बाई. उदबत्ती आणि कमळाबरोबर."

मंगळवारी दहन होतं. अग्नी देण्याआधी शवपेटी उघडतात आणि नारळ फोडून त्याच्या पाण्याने चेहरा धुतात. घरच्यांचं झालं, मग माझी पाळी आली. वियन फार बारीक झाली होती. जोडलेल्या हातांतून कार्डाचा कोपरा बाहेर आलेला होता.

"बाई, कडवं वाचताय ना? माइक तिकडे आहे," रेम म्हणाली.

"माइक नको."

मी वाकले. आधी तिचे तीन चरण म्हटले, मग तिचं शेवटचं यमक उचलून माझं कडवं म्हटलं. घाटावर मी उभी होते, तू हाक मारायची होतीस, मी आले असते, असं काहीसं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी तोंडाने बोलत होते आणि तेही अक्षरं मोजून. आवाज मध्येच फुटला आणि तिसऱ्या चरणात एक अक्षर जास्त झालं.

ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. ज्या एकीच्या आलं असतं, तिच्यावर माणसं झाकण बसवत होती.