कारभारीच्या नावची थुंकी

आमच्या शेजारचा कारभारी कांदाचाळीत कांदा भरता भरता पचकन थुंकला, आणि त्याच्या बायकोनं, लंकाबाईनं, हातातली पाटी तिथंच आपटली.

"आवं, लोकांच्या ताटात जानारा कांदा हाय त्यो! जरा तरी लाज धरा!"

"भाईरच थुंकलो गं. वाऱ्यानं आत आलं."

चांदवडच्या त्या वैशाखात झाडाचं पान हलत नव्हतं आणि हा वाऱ्यावर ढकलत होता. मी मधल्या बांधावर बसून हे भांडण रोज ऐकतो. घरच्या टीव्हीपेक्षा मला ते जास्त आवडतं.

त्याच दिवशी शाळेत तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होती. नाशिकहून तेजस्विनी नावाच्या तरुण डॉक्टर आल्या होत्या. सुई नाही, दुखणं नाही, नुसती नळीत थुंकी द्यायची.

"थुंकीत एन्झाइम असतात," त्यांनी समजावलं. "दुधाला विरजण असतं ना, तशी कामाची द्रव्यं. तोंडात आजार मूळ धरायला लागला की त्यांचं प्रमाण बदलतं. तसं दिसलं तर पुढची तपासणी करायची."

मग त्यांनी बायांना विचारलं, तुमच्यात कुणी तंबाखू खातं का? बाया तोंडाला पदर लावून हसल्या. लंकाबाईचा आवाज सगळ्यांत वर. "आमी काय गडीमानसं हाव का?"

झालं, नळ्या फक्त गड्यांना मिळाल्या. नावाची चिठ्ठी चिकटवलेली नळी घरी न्यायची, तासभर तोंडात काही घालायचं नाही आणि मग भरून आणायची. तासभर! कारभारी झोपेतसुद्धा गालात तंबाखूची चिमूट धरून असतो. कशीबशी बारा मिनिटं त्यानं काढली. मग हात आपोआप पुडीकडे गेला.

थोड्या वेळानं तो नळी घेऊन चाळीत आला. चिठ्ठीवर अंगठा दाबलेला.

"लंके, थुंक हिच्यात. बायांची बी घेनार हायेत आता."

ती भोळी बाई पदर सावरून नळी भरून मोकळी झाली. बांधावरून मी सगळं बघत होतो आणि पोट धरून हसत होतो. आता त्याची लाज वाटते.

दहाव्या दिवशी फोन आला. कारभारीचे हात मातीचे, म्हणून मीच त्याचा फोन स्पीकरवर लावला. डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या नमुन्यात संशय आहे. घाबरू नका, पण उद्याच नाशिकला या."

लंकाबाईनं हंबरडाच फोडला. "तरी म्या सांगत हुते! देवा, यांला सांभाळ रं!"

कारभारी मात्र हसायला लागला. "आगं येडे, रडती काय? ती थुंकी माझी न्हाईच..."

हसू तिथंच थांबलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"लंके, तोंड उघड."

"काय?"

"उघड म्हन्तो ना!"

तिनं उघडलं. खालच्या ओठाच्या आत डाळीएवढा पांढरा डाग होता. कारभारी कांद्याच्या ढिगावरच बसला.

"थुंकी तुझी हाय लंके. म्या फसवलं तुला."

लंकाबाईनं बोटानं ओठाच्या आतला डाग चाचपला. "पर म्या तंबाखू कुठं खाते?" एवढंच ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी नाशिकला मीही गेलो. डॉक्टरांनी तिच्या बोटाचं काळं टोक बघितलं आणि विचारलं, "मावशी, मिसरी लावता?"

"ती तर दात घासायला!"

"दिवसातून किती वेळा?"

"सकाळी. मंग च्या पिल्यावर. मंग जेवल्यावर. मंग असंच, डोकं दुखलं की..."

"मावशी, ती तंबाखूच असते. भाजलेली."

लंकाबाईनं कमरेची डबी काढली, तिच्याकडे रागानं बघितलं आणि टेबलावर आपटली.

डाग काढला, तपासायला पाठवला. आठ दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टर हसत बाहेर आल्या. "नुकती सुरुवात होती. सगळं निघालंय. तीन-तीन महिन्यांनी दाखवत राहा. आणि काका, तुमची नळी राहिलीय."

लंकाबाईच्या ओठाला टाके होते, पण डोळे मोकळे होते. तिनं कारभारीला बाकावर बसवलं, खिसे उलटे केले आणि तासभर पहारा दिला. तास भरला, पण साहेबांचं तोंड कोरडं ठाक! गावातली एकही भिंत न सोडणाऱ्या माणसाला भीतीनं टिपूस येईना.

मग तिनं पिशवीतून कैरीच्या फोडी, मीठ न् तिखट काढलं.

"झुंबरभाऊ, खावा," ती दात न उघडता म्हणाली. "यांच्या म्होरं बसून, चांगल्या मिटक्या मारून खावा."

मी पडत्या फळाची आज्ञा मानली. दुसऱ्या फोडीला अख्खा बाक ओठ चाटायला लागला, तिसरीला कारभारीची नळी काठोकाठ भरली.

लंकाबाईनं नळी धरलेला त्याचा हात वर उचलला. "आता अंगठा काढून नाव वाचा. मोठ्यानं."

"कारभारी."

"आन् थुंकी कुनाची?"

"माझीच गं बाई, तुझी शप्पत!"

सगळा बाक हसला. लंकाबाई तर इतकी हसली की टाके ओढले जाऊन डोळ्यांत पाणी आलं. एका हातानं ओठ दाबून, दुसऱ्या हातानं कारभारीचा अंगठा घट्ट धरून ती तशीच हसत राहिली.