जांभळा ठिपका

माझ्या दुकानात फोन दुरुस्त होतो आणि मत फुकट मिळतं. ते मागावंही लागत नाही. गिऱ्हाइकाने फोन काउंटरवर ठेवला की मी तो उलटा करतो, मागची कंपनीची खूण बघतो आणि सुरू होतो. ही कंपनी अशी का झाली, तिचा मालक गेल्या महिन्यात काय बरळला, सरकार तिच्यापुढे शेपूट का घालतं आणि पुढच्या निवडणुकीत शहाण्या माणसाने काय करावं, एवढं सगळं होईपर्यंत काच बदलून झालेली असते. बायको म्हणते, लोक तुमच्याकडे फोन बिघडला म्हणून येतात आणि डोकं बिघडवून घेऊन जातात.

बाजारात कंपन्या पुष्कळ आहेत, पण खरं भांडण दोघींचं. मी एकीला थोरली म्हणतो आणि दुसरीला धाकटी. थोरली महाग, नखरेल, तिचा फोन उघडायचा तर जणू तिलाच विचारायला हवं. धाकटी जाहिरातीत तिची टिंगल करते आणि वर्षभराने स्वतः तेच करते. थोरलीने बॅटरी आत चिकटवून टाकली तेव्हा धाकटीने चौकाचौकात पाट्या लावल्या, आमची बॅटरी नखाने निघते म्हणून. पुढच्या वर्षी हिचीही चिकटली. तरी दहा वर्षं मी धाकटीचीच बाजू घेत आलो. राजकारणातही माझं तेच. एका पक्षाला लागोपाठ चार वेळा मत दिलं, कारण तो छोट्या माणसाचा पक्ष आहे असं मला एकदा वाटलं होतं, आणि मला एकदा काही वाटलं की सहसा दुसरं काही वाटत नाही.

माझी बहीण धाकटीच्या सेवाकेंद्रात कामाला लागली तीही माझ्याच आग्रहाने. सहा वर्षं झाली. पुलापलीकडे काचेची इमारत आहे, खाली विक्री आणि वर दुरुस्ती. वर सहा तंत्रज्ञ बसतात, त्यांत ती एकटीच बाई. तिचा हात माझ्यापेक्षा बारीक चालतो. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तिथे तपासणी फुकट असते, म्हणून तिची नोंद कुठे होत नाही. फोन उघडायचा, बघायचा, गिऱ्हाइकाला काय ते सांगायचं. मात्र एक रीत त्यांनी पहिल्यापासून पाळली आहे. फोन बंद करण्याआधी आतल्या पत्र्याच्या एका स्क्रूवर नखाला लावतात त्या रंगाचा बारीक ठिपका द्यायचा. पुढे कोणी तो फोन उघडला तर कळावं, हा केंद्रातून जाऊन आलाय. आम्हा बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना ही खूण ऐकून ठाऊक आहे.

वर्षभरापूर्वी एका रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघं ताटं पुसत उभे होतो. बायको आणि मेहुणे बाहेर टीव्हीसमोर. तेव्हा बहिणीने हळूच सांगितलं की केंद्रात नवी सूचना आली आहे. फोन चार्ज होत नसेल तर बहुतेक वेळा तिळाएवढा एक भाग जळालेला असतो. तो बदलला की फोन चालतो. पण गिऱ्हाइकाला सांगायचं, अख्खा बोर्ड गेला. बोर्डाची किंमत अशी ठेवली आहे की माणूस जिना उतरतो आणि खाली नवा फोन घेतो. हे कागदावर कुठेच नाही. दर सोमवारी व्यवस्थापक तोंडी आठवण करून देतो.

"दादा, हे दुकानात बोलायचं नाही," ती म्हणाली.

मी नाही बोललो. वर्षभर हे पोटात ठेवणं म्हणजे माझ्यासाठी कडक उपास होता. पण त्यानंतर मधूनच एखादं गिऱ्हाईक यायचं आणि दबक्या आवाजात सांगायचं, केंद्रातल्या एका बाईंनी पाठवलंय. दहा-बारा जण तरी आले असतील. मी तिळाएवढा भाग बदलायचो, फोन चालू व्हायचा, ती माणसं मला जादूगार समजायची आणि मी तो समज दूर करायचो नाही.

मग सरकारने कायद्याचा मसुदा आणला. कंपन्यांनी सुटे भाग कोणालाही विकले पाहिजेत आणि तपासणीत काय निघालं ते लेखी दिलं पाहिजे, असा. मला आनंदाने नाचावंसं वाटलं, पण नाचायची चोरी होती, कारण ज्या पक्षाला मी उठता-बसता शिव्या घालत होतो त्यानेच तो आणला होता. आणि माझ्या पक्षाचे सदस्य सभागृहात उभं राहून म्हणाले, असे कायदे केले तर कंपन्या निघून जातील, रोजगार जाईल. मी टीव्ही बंद केला. थोड्या वेळाने परत लावला, आपलीच ऐकण्यात चूक झाली असेल या आशेने. तेच बोलत होते. चार मतं आठवली आणि पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

मसुद्यावर समितीची सुनावणी आमच्याच शहरात ठेवली होती. दुरुस्तीवाल्यांच्या संघटनेने माझं नाव दिलं. सचिव म्हणाला, तुम्ही नाहीतरी बोलणारच, तर निदान योग्य जागी बोला. दहा मिनिटं मिळणार होती आणि त्यांचं थेट प्रक्षेपण होणार होतं. मी भाषण लिहून काढलं. ते बायकोला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, यात तुमची मतंच आहेत सगळी, पुरावा कुठे आहे? मला राग आला, कारण तिचं खरं होतं.

पुरावा आठ दिवस आधी आपल्या पायांनी चालत आला. एक निवृत्त शिक्षिका. केंद्रात त्यांना बोर्ड गेला म्हणून सांगितलं होतं, आणि मग आतल्या एका बाईंनी माझं दुकान सांगितलं होतं. मी फोन उघडला. भिंगाखाली तो जळालेला तीळ स्पष्ट दिसत होता, आणि शेजारच्या पत्र्याच्या स्क्रूवर जांभळा ठिपका होता, शाबूत. हा फोन केंद्रात उघडला गेला याची कंपनीच्याच हातची खूण. मी त्या स्क्रूला हातही लावला नाही. शिक्षिकांना सगळं समजावून सांगितलं आणि आठ दिवस फोन ठेवून घेऊ का विचारलं. त्यांनी झाला प्रकार, पाठवणाऱ्या बाईंचा उल्लेख टाळून, एका कागदावर लिहून सही करून दिला. "न्या आणि दाखवा," त्या म्हणाल्या, "पण आठव्या दिवशी परत पाहिजे." अजून वर्गात असल्यासारखा आवाज होता.

बहिणीला मी फोन करून सांगितलं की शिक्षिकांचा फोन समितीपुढे नेतोय, तुझं नाव कुठेही येणार नाही. मग कोणता दिवस, किती वाजता एवढंच तिने विचारलं.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं, प्रत्येकापुढे माइक आणि पाण्याची बाटली. अध्यक्षबाई मधोमध. समोर धाकटीचे प्रतिनिधी, करड्या कोटातले, इतके नम्र की त्यांच्यावर चिडताच येईना. मी भाषण सुरू केलं. दोघी कंपन्या एकमेकींशी भांडल्याचं सोंग कसं करतात, गिऱ्हाईक लुटताना दोघींचं कसं एकमत असतं, हे सगळं मी ठणकावून सांगितलं. लोक हसले, मला चेव आला. मग मी शिक्षिकांचा कागद वाचला आणि फोन पुढे ठेवला.

प्रतिनिधींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, या बाईंबद्दल आदर आहे, पण त्यांचा काही गैरसमज झाला असावा. फोन बाहेरच्या कुठल्याही दुकानात उघडला गेला असेल. "आमच्या केंद्रात उघडलेल्या प्रत्येक फोनच्या आत आमचा ठिपका असतो. तो दाखवा, मी इथेच मान्य करतो."

मी याच वाक्याची वाट पाहत होतो. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर आणि चिमटा काढला आणि मागचं झाकण उघडायला लागलो. भिंतीवरच्या पडद्यावर कॅमेरा माझे हात दाखवणार होता, पण तो जुळवायला एका कर्मचाऱ्याला वेळ लागत होता. तेवढ्यात प्रतिनिधी, आपल्याकडचा आणखी एक चांगुलपणा सांगावा तसे, म्हणाले, "प्रत्येक तंत्रज्ञाचा रंग वेगळा असतो. म्हणजे फोन कोणी तपासला तेही आपल्याला लगेच कळेल आणि त्यालाच बोलावून विचारता येईल."

झाकण माझ्या हातात होतं. आठ दिवस मी त्या ठिपक्याकडे कंपनीची खूण म्हणून बघत होतो. माझ्या दुकानात मी एकटाच, त्यामुळे कोणी उघडला हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. आता कळलं की तो जांभळा रंग म्हणजे माझी बहीण. तिचा पगार, तिच्या मुलीची शाळा, तिची सहा वर्षं. पडदा अजून पांढराच होता. मी झाकण आडोशासारखं धरलं आणि चिमट्याच्या टोकाने ठिपका खरवडला. तो लगेच निघाला. त्याचा कपटा बोटाला चिकटला, तो मी पँटला पुसला.

मग पडदा उजळला. त्यावर माझी बोटं आणि एक स्वच्छ, चकचकीत स्क्रू दिसत होता.

अध्यक्षबाईंनी विचारलं, ठिपका आहे का?

"नाही," मी म्हणालो.

कोणीतरी हसलं. प्रतिनिधी हसले नाहीत. उलट ते म्हणाले की अशा चुका होतात, आणि त्यांच्या त्या समजूतदारपणाने मी पुरता आडवा झालो. उरलेल्या तीन मिनिटांत काय बोललो ते आठवत नाही. बाहेर आलो तेव्हा सचिव माझ्याकडे न बघता गाडीची किल्ली शोधत होता.

खरं सांगायचं तर वाटेत मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं. एवढ्या लोकांसमोर हसं करून घेतलं, पण बहिणीला वाचवलं. जन्मभर वाद जिंकायची धडपड करणाऱ्या माणसाने एक वाद मुद्दाम हरून दाखवला, हे तिला कळलं की तिचे डोळे भरून येतील, मग मी काय म्हणायचं, तेही मी ठरवून ठेवलं होतं.

संध्याकाळी ती केंद्रातून सुटून थेट दुकानात आली. अंगावर कंपनीचा शर्ट तसाच. खालच्या मोठ्या टीव्हीवर सगळ्यांनी सुनावणी पाहिली होती. तिने फोन मागितला, झाकण काढलं, भिंगाखाली धरला.

"इथे ठिपका होता. मी लावला होता."

"पुसला," मी म्हणालो. माझ्या आवाजात काय होतं ते मला माहीत आहे. शाबासकी मागत होतो.

तिने फोन खाली ठेवला. "तुला कोणी सांगितलं होतं पुसायला?"

मी तिच्या पगाराचं, मुलीच्या शाळेचं बोलायला लागलो. तिने मला बोलू दिलं आणि मग विचारलं, तिने वर्षभर पाठवलेल्या बाकी दहा-बारा फोनांत मला कधी ठिपका दिसला होता का. मी आठवायचा प्रयत्न केला. एकातही नव्हता. प्रत्येक वेळी फोन परत देण्याआधी ती स्वतः पुसत होती. आणि भिंगातून जग बघणाऱ्या मला ते कधी दिसलं नव्हतं.

"हा एकच मी ठेवला होता," ती म्हणाली. "महिनाभर विचार करून ठेवला होता. घरी बोलून ठेवला होता. दर सोमवारी ते ऐकायचं आणि मान हलवायची, मला नव्हतं होत आता. आज सगळ्यांसमोर माझा रंग दिसला असता आणि मला बोलवलं असतं. मी तयार होऊन बसले होते दादा. टीव्हीसमोर उभी होते आणि स्क्रू कोरा."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू तासभर मत दिलं असतंस."

लोकांचा फोन त्यांच्या हातात ठेवून परस्पर निर्णय घेणाऱ्या कंपन्यांबद्दल मी त्याच दिवशी सात मिनिटं बोललो होतो. आणि तिथेच, त्याच टेबलावर, बहिणीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय मी चिमट्याने खरवडून काढला होता. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी तिला तसंच सांगितलं. तिने नुसती मान हलवली.

मग तिने विचारलं, लेखी म्हणणं देण्याची मुदत कधीपर्यंत आहे. शुक्रवारपर्यंत, मी म्हणालो. तिने कागद मागितला. मी माझी खुर्ची दिली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसलो. ती लिहू लागली. कोणत्या सोमवारी काय सांगितलं गेलं, किती फोन, तिने काय सांगितलं आणि आत खरं काय होतं. पहिल्याच ओळीवर मला चार सूचना सुचल्या होत्या. ओठ घट्ट मिटून बसलो. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या या म्हटलं.

दोन पानं झाली. मग तिने नाव लिहिलं. केंद्रात ती फक्त सासरचं आडनाव लावते, आणि माझ्यासारखा तोंडाळ माणूस तिचा भाऊ आहे हे तिथे कोणाला माहीत नव्हतं. तिने आधी सासरचं आडनाव लिहिलं, क्षणभर थांबली, आणि त्याच्यापुढे माहेरचंही लिहिलं. मी म्हणालो, हे नको लिहूस, याने तुझंच नुकसान होईल, आज माझं हसं झालंय.

"मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि खाली सही केली.