समोरच्या दुकानातून लावलेला दिवा

च्याई शहरातल्या त्या गल्लीत कुणाच्या स्कूटरचा हॉर्न आपोआप वाजला, की लोक आधी आ-चेच्या दुकानाकडे बघायचे. आ-चेचा धंदा वायरिंगचा. पन्नाशी उलटली तरी हाताची खाज काही जाईना. वायर दिसली की जोडायची, माणूस दिसला की छेडायचं.

समोर वेन-हाइचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान. वेन-हाइ थोडा मोठा, म्हणून 'दादा'. त्याच्या दारातच काचेची भलीमोठी टाकी, आणि तीत एकटाच राहणारा लाल ड्रॅगन मासा. हातभर लांब, मिशाळ, घासलेल्या तांब्यासारखा चकचकीत. असा मासा घराचं नशीब राखतो, म्हणून पाळलेला. वेन-हाइ सकाळी आधी त्याच्यासमोर उभा राहायचा, मग बायकोला हाक मारायचा.

"त्याच्याशीच लग्न लावायचं होतंस," यू-चिनवहिनी म्हणायची. "माझा स्वयंपाक तरी वाचला असता."

उन्हाळ्यात वेन-हाइला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, ऑपरेशन करावं लागेल. तारीखही दिली. ह्या बाबाला काळजी कसली, तर आपण हॉस्पिटलात पडल्यावर माशाचं कोण बघणार.

"मी आहे ना दादा," आ-चे म्हणाला. "असं करून देतो, की कुणी बघायलाच नको."

आणि दिलंही करून. पाणी आटलं की तरंगता खटका खाली जायचा, बाजूच्या पिंपातला पंप सुरू व्हायचा, टाकी भरली की बंद. दिवा पहाटेसारखा हळूहळू उजळायचा आणि तसाच हळूहळू मालवायचा, कारण हा मासा दचकला की उडी मारतो. सगळा कारभार आ-चेच्या मोबाइलवर. पाण्याची नळी आत घालायला त्यानं झाकणाचा वीतभर कोपरा कापला होता. "ह्याला उद्या पट्टी मारतो," म्हणाला. वायरमनचा उद्या, तो काय लगेच उगवतो?

काम झालं ते झालं, पण हातात मोबाइल राहिला. आ-चे आपल्या गल्ल्यावर बसून समोर बघायचा. वेन-हाइ माशाशी बोलायला लागला की हा दिवा जरासा वाढवायचा. बोलून थांबला की जरासा उतरवायचा. दोन-चारदा झाल्यावर वेन-हाइ धावतच रस्ता ओलांडून आला.

"आ-चे, तो ऐकतो माझं."

"कोण?"

"मासा. मी बोललो की उजळतो."

"दादा, मासा उजळतो की दिवा?"

"तुला नाही कळायचं. तू वायरी जोड."

आ-चेनं हसू दाबायला गरम चहाचा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. मग रोजच सुरू झालं. गिऱ्हाइकं बघायला थांबायची, पलीकडची टर्कीभात विकणारी मावशी दुपारी येऊन माशाला लॉटरीचे आकडे विचारून जायची. आ-चेला आयुष्यात एवढी मजा आली नव्हती.

एका संध्याकाळी वेन-हाइ टाकीकडे पाठ करून स्टुलावर डुलक्या घेत होता. दुकानात अंधार, टाकीचा दिवाही मालवलेला. आ-चेला वाटलं, ह्याला जरा दचकवावं. त्यानं मोबाइलवरची उजेडाची पट्टी बोटानं सर्रकन टोकाला नेली. अख्खं दुकान पांढरंफटक झालं.

वेन-हाइ दचकला, पण त्याच्या आधी मासा दचकला. कापलेल्या कोपऱ्यातून तो बाहेर आला आणि सिमेंटच्या फरशीवर आपटला, तो आवाज आ-चेला रस्त्यापलीकडे ऐकू आला. बोटानं त्यानं दिवा परत मालवला. ते का केलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. मग पळत गेला. दोघांनी मिळून मासा उचलून पाण्यात सोडला. सकाळी तो पोट वर करून तरंगत होता.

गल्ली जमली. आ-चे मागे उभा, तोंडात शब्द जमवत. खरं म्हणजे तेव्हाच सांगायचं होतं. पण टर्कीभातवाली मावशी पुढे झाली.

"रडतोस काय, वेन-हाइ? ऑपरेशनच्या तोंडावर मासा गेला. तुझ्यावरची पीडा अंगावर घेऊन गेला तो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. असे मासे असंच करतात, हे तिथं पोरंसोरंही सांगतील. वेन-हाइच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत नव्हता तसा उजेड आला. आ-चेनं जमवलेले शब्द गिळले. म्हटलं, दुःखात माणसाला बरं वाटतंय, तर आपण कशाला मधे नाक खुपसायचं. स्वतःलाही बरंच वाटलं त्याला, ही खरी गोष्ट.

दोन दिवसांनी वहिनी वायर घ्यायचं निमित्त करून आली.

"त्यानं तारीख रद्द केली," ती म्हणाली. "म्हणतो, मासा गेला, पीडा गेली, आता छाती कशाला चिरायची. मी काय बोलू, भाऊजी? मलाही वाटतं खरं असेल. पण जिना चढताना मधेच बसतो रे तो."

आ-चेचा दिवस खराब झाला, मग पुढचेही. टर्कीभात घशाखाली उतरेना. समोर वेन-हाइ टायर काढायचा, टायरावरच बसायचा, छातीवर हात ठेवायचा, आणि ह्याच्याकडे बघून हसायचा. ते हसणं आ-चेला बघवेना. खोडी काढणाऱ्याला शिव्या सोसतात. हे नाही सोसत.

कबूल करायच्या आधी त्यानं एक वाट मात्र काढून बघितली. सवय हो, दुसरं काय.

"दादा, देवाला विचारलंस का? एवढी मोठी गोष्ट. म्हाताऱ्याला विचारून घे."

म्हातारा म्हणजे गल्लीच्या टोकाच्या देवळातला थू-ती-कुंग, वस्तीचा राखणदार देव. आ-चेचा हिशेब साधा होता: देवाला खरं ठाऊक आहे, देव नाही म्हणेल, आपण सुटू. वेन-हाइनं उदबत्ती लावली, चंद्रकोरीसारखे लाकडी ठोकळे ओंजळीत धरले.

"माझा मासा माझी पीडा घेऊन गेला, आता मी ऑपरेशन केलं नाही तरी चालेल, खरं ना?"

ठोकळे पडले. एक उताणा, एक पालथा. म्हणजे हो. पुन्हा टाकले, हो. तिसऱ्यांदा टाकले, हो.

"बघ," वेन-हाइ म्हणाला. देवळाच्या दोन पायऱ्या उतरून तो धापा टाकत तिसरीवर बसला. ओठ निळसर झाले होते.

आ-चेनं देवाकडे बघितलं. म्हातारा आपला हसतमुख. खरं सांगायला आता त्याच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

"दादा, दुकानात चल."

"कशाला?"

"चल म्हणतो ना."

दुकानात आल्यावर आ-चेनं मोबाइल काढला आणि बोटानं उजेडाची पट्टी सर्रकन टोकाला नेली. रिकामी टाकी पांढरीफटक झाली. मग पट्टी उतरवली. मग चढवली.

वेन-हाइनं टाकीवरून नजर काढून मोबाइलकडे बघितलं.

"त्या संध्याकाळी?"

"मीच. तुला दचकवायला. कोपऱ्याला पट्टीही मारली नव्हती."

"आणि आधी? मी बोलायचो तेव्हा?"

"तेही मीच."

"मी त्याला ऑपरेशनचं सांगायचो," वेन-हाइ म्हणाला. "भीती वाटते म्हणून. घरी कसं सांगणार. मी सांगायचो आणि तो उजळायचा."

"मला ऐकू यायचं नाही दादा. नुसते ओठ दिसायचे."

"आणि हसायचास."

आ-चेनं हो म्हणून मान हलवली. खोटं बोलायची सोयच राहिली नव्हती.

वेन-हाइ स्टुलावर बसला. शिव्या देईल, पाना फेकून मारेल, अशी आ-चेची तयारी होती. तो पुढे झुकला आणि दोन्ही हातांनी गुडघे धरले.

"म्हणजे ती पीडा अजून माझ्याच अंगावर आहे," तो म्हणाला. "फोन लाव हॉस्पिटलला. माझा आवाज निघायचा नाही."

आ-चेनं लावला. पलीकडे एक नर्स होती, घाईत. नाव विचारलं, जन्मसाल विचारलं.

"तारीख मिळेल. आधीची का रद्द केली होती?"

"माझ्यामुळे," आ-चे म्हणाला.

"तुम्ही पेशंटचे कोण?"

आ-चेनं वेन-हाइकडे बघितलं. इतकी वर्षं ह्या प्रश्नाला 'भाऊ' असं उत्तर होतं, बँकेतही आणि चौकीतही. वेन-हाइनं तोंड टाकीकडे वळवलं.

"शेजारी म्हणून सांग," तो म्हणाला. "समोरच्या दुकानातला."

"शेजारी," आ-चेनं फोनवर सांगितलं, "समोरच्या दुकानातला," आणि नर्स नवी तारीख सांगत होती ती नीट ऐकून घेतली.