सेलांची कूस

टेलर माणसाने कपडे शिवून गप्प बसावं की नाही? पण या टेलरला नसते उद्योग फार. स्वस्तातले बॅटरीचे कंदील तो घरी आणायचा, आतला पिवळा बल्ब उपटायचा आणि त्या जागी एलईडी सोल्डर करून बसवायचा. उजेड चौपट, शिवाय सेल महिनोन्महिने टिकायचे. शिलाई मशीनवर चिंध्यांपेक्षा तारांचे तुकडे जास्त. परवाच त्याने थोरल्या भावाचा, दादाचाही कंदील बदलून दिला होता.

दादा पाणीखात्यात होता. आठवड्यातून दोनदा जमिनीखालच्या बोगद्यात एकट्याने जायचं आणि मीटरचे आकडे टिपून आणायचे, हे त्याचं काम. वाटेत एक खोल, उघडा हौद होता. त्याला कठडा नाही, ओलांडायला हातभर रुंदीची फळी. उजेड असला तर पोरखेळ.

मंगळवारी सकाळी अकराला आई स्वयंपाकघरातला कंदील घेऊन टेलरपुढे उभी राहिली.

"तुझं हे सोंग मेलं बघ. मी काही केलं नाही हं. नुसती सेलांची कूस बदलली."

टेलरच्या हातातली कात्री थांबली.

सेलांची कूस बदलणं ही त्यांच्या घरचीच खोड. सगळे सेल काढायचे आणि उलट्या बाजूने घालायचे, म्हणजे त्यांना विश्रांती मिळते, असं वडील सांगायचे. बल्ब कशाही बाजूने पेटतो, त्यामुळे इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. एलईडी मात्र एकाच बाजूने पेटतो, आणि हे स्वस्तातले तर उलटे जोडले की जळूनही जातात. टेलरला ते पक्कं ठाऊक होतं. सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. दादा तर शिस्तीचा माणूस, परतीला निघताना सेलांची कूस बदलल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही.

"दादा कधी गेला?"

"दहाला. का रे? पांढराफटक का पडलास?"

तो अनवाणीच पळाला.

बोगद्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार होतं. नियमाप्रमाणे आतून कुलूप, आणि किल्ली दादाच्या खिशात. पहिल्या वळणापर्यंत दिसत होतं, पुढे काळोख. टेलरने जाळीला तोंड लावून हाक मारली.

"दादा!"

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "कोण, धाकट्या? अरे, तुझ्या दिव्याने दगा दिला की! सेल पुन्हा फिरवून बघितले, उपयोग नाही. भिंत चाचपत हौदापाशी आलोय, पण फळी काही सापडत नाही."

जिवंत होता! टेलरच्या डोळ्यांत पाणी आलं. होता नव्हता तेवढा दम एकवटून तो ओरडला, "पुढे येऊ नकोस!"

बोगद्याने वाक्य आत नेलं आणि शेपूट तोडून परत पाठवलं. "पुढे ये... पुढे ये..."

"दिसतोय का मी तुला?" दादा हसला. "बरं बाबा, तू म्हणतोस तर येतो."

टेलर जाळी गदागदा हलवत "नको, नको" किंचाळत राहिला, पण आत नुसता कल्ला पोचत होता. जन्मात धाकट्याचं एक अक्षर न ऐकलेल्या दादाने आज मात्र मुकाट्याने ऐकलं. आतून एक पाऊल वाजलं.

मग पाणी वाजलं.